गिटारीचा काठ

नक्षी म्हणजे वस्तू पुरी झाल्यावर वरून चढविलेला साज, अशी पुष्कळांची समजूत असते. लुगड्याचा काठ, गोधडीचा गोट किंवा परातीची दुमडलेली कड यांकडे बारकाईने पाहिल्यास मात्र निराळेच दिसते. वस्तू झिजू लागते ती कडेपासून. म्हणून माणसाने आधी कड राखली, आणि राखता राखता ती सजविली. आमच्या घरी यंदा एका गिटारीच्या निमित्ताने याचा चांगलाच प्रत्यय आला.

आमचा धाकटा पुतण्या हाताने गिटारी घडवितो व विकतो. गिटारीची पेटी म्हणजे दोन ते तीन मिलिमीटर जाडीच्या फळ्यांचा खेळ. वरची तबली स्प्रूस लाकडाची, बाजू व पाठ शिसवीची. तबली जेथे बाजूंस मिळते तेथे लाकडाची कापलेली टोके उघडी पडतात. लाकडातील सूक्ष्म नळ्यांची तोंडे तेथेच असल्यामुळे पावसाळी दमट हवा प्रथम तेथून आत शिरते. धक्काही प्रथम तेथेच बसतो, आणि कडेला पडलेली बारीक चीर तबलीत पसरू लागते. म्हणून त्या कोपऱ्यावर सभोवार खाच पाडून कठीण लाकडाची अथवा सेल्युलॉइडची पट्टी बसवितात. हाच गिटारीचा काठ.

तो कशाचा असावा, यावर घरात दोन आठवडे खल झाला. वहिनींस शुभ्र प्लॅस्टिकची पट्टी हवी होती. ती दुरून उठून दिसते, स्वस्त पडते व सहज वाकते. मातोश्रींनी तर आमच्या वडिलांच्या मोडक्या मिरजी तंबोऱ्याची निखळलेली हस्तिदंती पट्टीच पुढे ठेविली. "माझ्यामागे ही कोण सांभाळणार? तुझ्या वाद्याला तरी लागू दे," असे त्या म्हणाल्या. ही भेट नाकारणे नातवास फार जड गेले. "आजी, ही तुझ्यापाशीच राहू दे. हिच्यापायी हत्ती मारले गेले. आता हस्तिदंताचा व्यापारही कायद्याने बंद आहे. विकायच्या वाद्याला ही लावता येणार नाही," असे त्याने समजाविले. मातोश्री काही बोलल्या नाहीत. त्यांनी पट्टी पुसली व पुन्हा तंबोऱ्याच्या गवसणीत ठेविली.

अमेरिकेतील मार्टिन या जुन्या कारखान्यानेही १९१८ च्या सुमारास हस्तिदंत सोडून सेल्युलॉइड धरले होते. परंतु सेल्युलॉइड वर्षानुवर्षे आकसते आणि कमरेच्या बाकापाशी पेटीपासून सुटू लागते. त्याच कारखान्याच्या 'डी-२८' गिटारीवरील माशाच्या काट्यासारखी नक्षी १९४७ साली बंद झाली. वादकांस तिचा विसर पडेना, म्हणून १९७६ साली ती पुन्हा आणावी लागली. पुतण्याने अखेर शिसवीचीच पट्टी पत्करली, आणि तिच्या आत मेपल लाकडाची एकच पांढरी रेघ.

पट्टी भिजवून तापलेल्या लोखंडी नळीवर वाकविणे हे सवयीचे काम आहे. खरी कसोटी खाच पाडण्याची. तयार पेटीचा कोपरा आपल्याच हाताने कापून काढावयाचा, तोही पट्टीच्या जाडीइतकाच, सुमारे दोन मिलिमीटर! आतून सांधा धरून ठेवणारी एक अस्तराची पट्टी असते. पाते तिच्यात खोल गेले तर दोन महिन्यांची मेहनत वाया जावयाची. मुलाने रेघ आखून पटाशी हाती घेतली, तेव्हा घरातील बोलणी आपोआप थांबली. सरस लावून पट्टी कापडी फितीने आवळली. दुसऱ्या दिवशी पातळ पोलादी पत्र्याने तासून ती सपाट केली. बोट फिरविले तर सांधा हातास लागेना.

वहिनींचे म्हणणे, तो काठ लांबून दिसतच नाही. ते खरेच आहे. पण वाद्य लांबून पाहण्यासाठी नसते. ते पोटाशी धरावयाचे असते, आणि अनेक पावसाळे काढावयाचे असते. वाचकांनी एखादे हातघडणीचे वाद्य घेण्याचे योजिले, तर झगमगाटाकडे पाहण्याआधी त्याच्या कडेवरून एकवार बोट फिरवावे. कारागिराने कोठवर काळजी घेतली आहे, ते तेथे कळते.