काळ्या काचेचा स्वभाव

कॅमेऱ्याच्या पिशवीत ती सगळ्यांत खाली, मऊ फडक्यात गुंडाळलेली असते. बांगडीएवढी, गोल, दिसायला काळीकुट्ट. पेटत्या बल्बच्या तारेपुढे धरली तरच आतून गडद लाल झाक दाखवते. कडेवर 720 हा आकडा. ओळख एवढीच: साधारण 720 नॅनोमीटरच्या अलीकडच्या, म्हणजे आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या बहुतेक सगळ्या प्रकाशाला तिच्या दारात मज्जाव. आत येतो तो अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाश.

तिचा सगळा कारभार उलटा. फोटो काढणारी शहाणी माणसं वाशिमात सकाळी लवकर बाहेर पडतात, नाहीतर ऊन कलल्यावर. हिला भर दुपार हवी. पाऊस उघडलेला, झाडं भरलेली आणि ऑक्टोबरचं ऊन अंग भाजतंय, हा हिचा हंगाम. बागेत तिवई रोवायची, चौकट ठरवायची, फोकस करायचा आणि मगच हिला भिंगावर चढवायचं. कारण ही चढली की व्ह्यूफाइंडरमध्ये अमावास्या. फोकसही हिला आपल्या अंदाजाचा चालत नाही, म्हणून जुन्या भिंगांवर अवरक्तासाठी वेगळी लाल खूण असायची. त्यात आजच्या कॅमेऱ्यात सेन्सरपुढे अवरक्त अडवणारी दुसरी काच कारखान्यातच बसवलेली असते. ही म्हणते, अवरक्तच सोडीन. ती म्हणते, तेवढा सोडून बाकी सगळा. या सवतींच्या भांडणातून पुरेसा प्रकाश झिरपायला अर्धा मिनिटसुद्धा लागतो. तेवढ्यात वारा सुटला की निंबाच्या पानांचा नुसता धूर होतो. शेजारी पाइप धरून उभा असलेला माळी विचारतो, "काय झालं भाऊ, बंद पडला काय?"

मग चित्र उमटतं. कृष्णधवल केलं की हिरवळ पांढरीशुभ्र, निंब पांढरा, आभाळ काळपट. गावातल्या पद्मतीर्थ तळ्याच्या काठी उभं राहिलं तर पाणीही काळं. लोक याला स्वप्नवत वगैरे म्हणतात. मला ते पटत नाही. ही बाई फार रोखठोक आहे. हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश खातं, अवरक्ताला तोंड लावत नाही. तो पानाच्या आतल्या पेशी आणि हवेच्या पोकळ्यांवर आपटून माघारी फिरतो. म्हणजे पानाचा वरचा रंग नव्हे, त्याच्या पोटातली बांधणी ही दाखवते. कापडाच्या रंगालाही ती भुलत नाही: काळा कोट पुष्कळदा फिका निघतो.

भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी असे फोटो 1910 मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हापासून ही पांढरी झाडं छायाचित्रकारांना नादी लावत आली आहेत. आपल्याकडे मात्र तिचं गोत्र कामकरी. 1970 मध्ये शास्त्रज्ञ पिशरोटी यांच्या चमूने केरळातल्या रोगट नारळबागा हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर टिपल्या. भारतातल्या दूरसंवेदनाची सुरुवात तिथली. आज आपल्या सोयाबीनवरून फिरणारे उपग्रहही लाल आणि अवरक्त प्रकाश ताडून पाहतात आणि पिकाच्या तब्येतीचा अंदाज बांधतात.

एक गोष्ट तिला जमत नाही. कारंजा-सोहोळ अभयारण्यातलं गवत ती सुरेख काढते, काळवीट नाही. ती म्हणणार अर्धा मिनिट थांब. काळवीट कशाला थांबेल?

घ्यायची असेल तर आधी टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. पडद्यावर ठिपका उजळला तर कॅमेरा थोडाफार अवरक्त पाहतो. नाही उजळला तर पैसे वाचवा. आणि ग्रहणाच्या दिवशी ही काच पोरांच्या हाती मुळीच देऊ नका. तिच्यातून सूर्य मंद दिसतो, पण अवरक्त किरण सरळ आत जातात आणि डोळा कायमचा जाऊ शकतो.