सामुराईची सीटीसी

सामुराई म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं? खरं सांगा. घोड्यावरचा टॉम क्रूझ! २००३ साली तो सिनेमा आला आणि आपल्या पिढीच्या डोक्यात तोच सामुराई फिट बसला. जपानमधल्या कानाझावा शहरात, नागामाचीच्या गल्ल्यांत दोन तास हिंडलात की त्याची पार वाट लागते. इथले सामुराई पगारावर जगायचे, वरिष्ठांची मर्जी सांभाळायचे आणि कर्जाचे हप्ते मोजत बसायचे. ओळखीचं वाटतंय ना?

टोकियोहून शिंकानसेनने कानाझावा अडीच-तीन तासांवर. २०१५ पासून ही गाडी थेट इथवर येते. कोरिनबो हा इथला शॉपिंगचा आणि ऑफिसांचा भाग. तिथल्या मोठ्या बिल्डिंगांच्या मागे वळलं की पाच मिनिटांत ट्रॅफिकचा आवाज गायब होतो. दोन्ही बाजूंना पिवळसर मातीच्या भिंती, त्यांच्या डोक्यावर लाकडी फळ्यांचं चिमुकलं छप्पर आणि शेजारून खळखळणारा ओनोशो कालवा. डिसेंबरमध्ये या भिंतींना गवती चटया बांधतात. मातीत ओल शिरून गोठली की भिंत फुटते, म्हणून. कोकणात पावसाआधी घरांना झापं बांधतात, अगदी तसंच. फोटो काढायचे तर तेव्हा जा, गर्दीही कमी असते.

१५८३ मध्ये माएदा तोशिइए हा सरदार इथे आला आणि त्याच्या घराण्याने पुढची जवळपास तीनशे वर्षं राज्य केलं. त्यांच्या कागा संस्थानाचं उत्पन्न दहा लाख कोकूंच्या वर धरलं जायचं. कोकू म्हणजे साधारण दीडशे किलो तांदूळ, एका माणसाची वर्षभराची बेगमी. सामुराईची पत याच कोकूंत मोजायची. तुमचे कोकू किती, त्यावर तुमची जागा किती मोठी आणि दार केवढं, हे ठरायचं. आणि गंमत म्हणजे कागदावरचे कोकू आणि हातात पडणारा तांदूळ यांत भलताच फरक असायचा. सीटीसी आणि इन-हँड! हा शोध आपल्या एचआरवाल्यांचा नाही तर.

नोमुरा घराणं १२०० कोकूंचं, म्हणजे चांगलं सीनियर मॅनेजमेंट. त्यांच्या घरात काचेआड एक जुनं पत्र आहे. शत्रूचं मुंडकं आणल्याबद्दल वरिष्ठांनी पाठवलेलं आभारपत्र. भाषा इतकी ऑफिशियल की मला हसूच फुटलं. आणि मग ते थांबलं. मी नोकरी करायचे त्या मासिकात मला असंच एक ‘वेल डन’चं मेल आलं होतं. दीड महिन्याने आमची आवृत्तीच बंद झाली. मेल अजून डिलीट केलेलं नाही. हे पत्रही कुणीतरी असंच जपून ठेवलं असणार.

कारण त्यांचीही आवृत्ती बंद झाली. १८७१ मध्ये नव्या सरकारने संस्थानं रद्द केली. १८७६ मध्ये तलवार लावून फिरायला बंदी आली आणि त्याच वर्षी पिढीजात तनखेही थांबले. बदल्यात हातात सरकारी रोखे. नोमुरांचं मूळ घर त्यानंतर टिकलं नाही. उरल्या त्या भिंती आणि बागेचा एक तुकडा. मग आपण आत पाहतो ते घर कुणाचं? दाइशोजीच्या एका श्रीमंत जहाजमालक व्यापाऱ्याचं! विसाव्या शतकात ते इथे आणून बसवलं. सामुराईच्या अंगणात शेठजींचं दिवाणखानं. मला यात फसवणूक वाटली नाही. पैसा कुठून कुठे गेला, हे त्या सुंदर छतापेक्षा स्पष्ट कोण सांगणार?

तरले कोण? याच शहरातल्या इनोयामा कुटुंबाच्या हिशेबाच्या वह्या २००१ मध्ये टोकियोच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात इतिहासकार मिचिफुमी इसोदा यांच्या हाती लागल्या. त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं, २०१० मध्ये सिनेमाही आला. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या संस्थानाचे हिशेबनीस. कर्ज वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीच्या आसपास गेलं तेव्हा त्यांनी लाज गुंडाळून ठेवली, घरातल्या किमती वस्तू विकल्या आणि पैन्‌पै लिहायला सुरुवात केली. पुढे घरातल्या मुलाला नव्या नौदलात नोकरी मिळाली. तीही हिशेबाचीच. तलवारीला गिऱ्हाईक नव्हतं, अबॅकसला होतं.

जाताना नागामाचीतलं आशिगारू म्युझियम चुकवू नका. आशिगारू म्हणजे सर्वांत खालच्या पायरीचे शिपाई. त्यांची दोन छोटी घरं शहराच्या दुसऱ्या भागातून आणून इथे उभी केली आहेत. फळ्यांचं छप्पर आणि ते उडू नये म्हणून वर ठेवलेले दगड. या घरांतले लोक संस्थानाचे जासूद, म्हणजे कुरिअरवाले. प्रवेश फुकट. नोमुरांकडे रांग असते, इथे मात्र मी एकटीच होते. चपला काढून आत गेले. खोल्या मोजायला फार वेळ लागला नाही. माझ्या भाड्याच्या वन-बीएचकेपेक्षा ते घर मोठंच निघालं.