कडी लावता येईल असं दार

शनिवारी सकाळी काशीदच्या वाळूवर लग्नाआधीचा सिनेमा चालू असतो. साळावचा पूल, कोर्लई, बोर्ली असं करत आलेल्या गाडीतून आधी फोटोग्राफर उतरतो, मग त्याचा ड्रोन, मग भाड्याने आणलेला लालभडक गाऊन आणि सगळ्यांत शेवटी तो गाऊन दोन्ही हातांनी सावरणारी नियोजित वधू. गाऊनचा घोळ वाऱ्यावर फुलावा म्हणून एक पोरगा त्याचं टोक धरून पळतो आणि इशारा झाला की ते हवेत सोडून चौकटीबाहेर उडी मारतो. ‘दादा, कॅमेऱ्याकडे नका बघू, ताईंकडे बघा,’ अशी सूचना होते. दादा बघतात आणि कानापर्यंत लाल होतात, कारण पत्रिका, पगार आणि पोटजात जुळवून ठरलेल्या लग्नात ताईंकडे इतका वेळ बघायची पाळी बहुधा पहिल्यांदाच आलेली असते. शेजारी शहाळी सोलली जात असतात, घोडेवाला गिऱ्हाइकाची वाट बघत असतो, सुरूच्या सावलीत मॅगी शिजत असते. कोणी ढुंकूनही पाहत नाही, इतकं हे नेहमीचं झालं आहे. हौसेला मोल नसतं म्हणतात, इथे हौसेचं चक्क दरपत्रक असतं. त्याची थट्टा करणं सोपं आहे. पण ज्यांचं लग्न ठरलंच आहे त्यांनाही वर एक प्रेमकथा का हवी असते, हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. अक्षता पडण्याआधी हॉलमधल्या पडद्यावर जो चार मिनिटांचा चित्रपट दिसणार आहे, त्यात याद्या नाहीत, मानपान नाही, मावश्या-आत्या नाहीत. तीनेक किलोमीटर लांब किनारा आणि त्यावर दोनच माणसं.

हलक्याफुलक्या प्रेमपटांना आपल्या समीक्षेने नेहमी अवेळी आलेल्या पाहुण्यासारखं वागवलं: चहा दिला, जेवायला थांबवलं नाही. खुसखुशीत, निखळ, सहकुटुंब पाहण्याजोगा, एवढं म्हटलं की काम भागतं. त्यामागचं गृहीत असं की प्रेमपट म्हणजे परीकथा, परीकथा म्हणजे राजपुत्र आणि राजवाडा, आणि राजवाड्याचा आपल्या जगण्याशी काय संबंध? मला वाटतं, मराठी प्रेमपट कोणी नीट पाहिलेलेच नाहीत. त्यांतल्या राजपुत्राची नोकरी बेताची असते आणि राजवाडा म्हणजे वन रूम किचन. या चित्रपटांतला खरा खलनायक मुलीचा बाप नाही, गावगुंड नाही, गैरसमजही नाही. खलनायक आहे जागेची टंचाई. दोन माणसांना बोलायला, रुसायला, हसायला लागणारी, आतून कडी लावता येईल अशी जागा मिळणं न मिळणं, यावर आपला अख्खा हलकाफुलका प्रेमपट उभा आहे. जमिनीवर पाय इतके घट्ट रोवलेल्या चित्रप्रकाराला पलायनवादी म्हणणं मला पटत नाही.

पुरावे जुने आहेत. १८८२ साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत सौभद्र’ रंगभूमीवर आणलं. बलरामाला बहीण दुर्योधनाला द्यायची आहे, बहिणीचं मन अर्जुनावर आहे. मग अर्जुन संन्याशाचं सोंग घेतो आणि ज्या थोरल्या भावाला तो नको आहे तोच भाऊ त्या सोंगाला भुलून त्याला आपल्या घराच्या आवारात आणून ठेवतो. प्रेमाला दारातून येऊ देणार नाहीत, भगव्या कपड्यांना देतील, हे या नाटकाचं विनोदी सूत्र. बरोबर १०६ वर्षांनी, १९८८ साली, ‘अशी ही बनवाबनवी’ आला. लीलाबाई काळभोरांना भाडेकरू म्हणून कुटुंबच हवं, सडे तरुण नकोत; म्हणून दोघे जण साड्या नेसून दोघांच्या बायका होतात. यती गेला, साडी आली, पण सोंगाचं कारण तेच राहिलं: घरात शिरायला मिळावं. या दोन टोकांच्या मध्ये राजा ठाकूर यांचा ‘मुंबईचा जावई’ (१९७०) आहे. त्यात लग्न होऊन चुकलेलं आहे, विरोध कोणाचाच नाही, घरातली माणसं प्रेमळ आहेत, आणि तरी चाळीतल्या भरल्या घरात नव्या जोडप्याला एकांत मिळत नाही. बासू चटर्जींना हा विषय इतका आपला वाटला की त्यांनी त्यावरून ‘पिया का घर’ (१९७२) केला. आणि २०१५ च्या ‘डबल सीट’मध्ये समीर विद्वांस पुन्हा त्याच चाळीत, त्याच अडचणीत शिरले. मधल्या पंचेचाळीस वर्षांत मुंबईत उंचच उंच इमारती झाल्या, पण नवराबायकोची आपल्या हक्काच्या घराची वणवण संपली नाही. एका चित्रप्रकाराने एकच गाऱ्हाणं इतकी वर्षं इतक्या हसऱ्या चेहऱ्याने मांडावं, हे मला क्षुल्लक वाटत नाही.

जगातल्या इतर प्रेमकथांशी ताडून पाहिलं की आपलं वेगळेपण आणखी उठून दिसतं. १९३४ च्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’मध्ये परक्या तरुण-तरुणीला एका खोलीत रात्र काढावी लागते, तेव्हा मधोमध दोरी बांधून तिच्यावर घोंगडी टाकतात. दोघांना एकमेकांपासून दूर ठेवायला पडदा, आणि तो पडणार कधी, हीच उत्कंठा. चाळीतल्या गोष्टीतही खोलीच्या मधोमध पडदा असतो, जुन्या साडीचा. पण तो दोघांना वेगळं करत नाही. दोघांना एका बाजूला आणि सासूसासरे, दीर, नणंद, पाहुणे यांना दुसऱ्या बाजूला ठेवण्याचा दुबळा प्रयत्न करतो. तिकडे पडदा पडला की गोष्ट सुफळ होते, इकडे पडद्याची भिंत झाली की. जेन ऑस्टिनची एलिझाबेथ, डार्सीवर प्रेम केव्हापासून जडलं असं बहीण विचारते तेव्हा, त्याच्या पेंबर्लीच्या जमीनजुमल्याची शोभा पाहिली तेव्हापासून, असं थट्टेने सांगते. ती थट्टा असली तरी प्रेमकथेला घर लागतं हे १८१३ सालीही ठाऊक होतं. आपल्या सतीश राजवाडेंनी २०१० मध्ये ‘मुंबई-पुणे-मुंबई’त दुसरं टोक गाठलं. नकार द्यायला पुण्यात आलेली मुलगी आणि तिथे भेटलेला मुलगा दिवसभर शहर पायाखाली घालतात. ना तिचं घर दिसतं, ना नातलगांचा गोतावळा. नावंसुद्धा कळत नाहीत. दोन माणसं मोकळेपणाने भांडू शकली, कारण ती कोणाच्या दिवाणखान्यात पोह्यांच्या बशा हातात धरून बसलेली नव्हती. बघण्याच्या कार्यक्रमावर इतकी मार्मिक टीका एखाद्या गंभीर चित्रपटालाही जमली नसती, आणि ती करताना या चित्रपटाने आवाज एकदाही चढवला नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: शेवट आधीच माहीत असतो. असतोच. पण सुभद्रेचं लग्न अर्जुनाशीच होणार हे न कळणारा एक तरी प्रेक्षक सौभद्राला गेला असेल का? तरी पिढ्यान् पिढ्या लोक गेले. शेवट ठाऊक असला की ‘काय होईल’ची धाकधूक संपते आणि ‘कसं होईल’ची मजा सुरू होते. श्रावणातल्या कहाण्या ऐकणाऱ्या बायकांनाही शेवटी सगळं ठीक होणार हे ठाऊक असे. त्या ऐकत असत नावडतीचे हाल, सवतीचे टोमणे, रिकामा डबा. गोड शेवटाच्या भरवशावरच हे सगळं उघड बोलता येई. हलक्या चित्रपटाचंही तसंच. शेवटाची हमी असल्यामुळे तो अशा गोष्टी बोलतो, ज्या गंभीर सुरात काढल्या तर घरात भांडणच होईल: आई, आम्हाला दोघांना बाहेर जायचंय, तुम्हाला न घेता.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. हे चित्रपट समुद्रकिनाऱ्यावर गाणं म्हणवून घेतात आणि प्रेक्षकाला वाटायला लावतात की जग असंच मोकळं आहे. प्रत्यक्षात ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईत मढ आणि अक्सा भागातल्या हॉटेलांवर पोलिसांनी छापे घातले, चाळीसच्या आसपास जोडप्यांना बाहेर काढलं आणि सार्वजनिक असभ्यतेचा ठपका ठेवला. खोलीचं दार बंद असताना सार्वजनिक काय होतं, हा प्रश्न तेव्हा पुष्कळांनी विचारला. अविवाहित प्रौढांनी हॉटेलात एकत्र राहू नये असा कायदाच नाही, हे मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये स्पष्ट केलं. तरी कोकण किनाऱ्यावर ‘राहण्याची व घरगुती जेवणाची सोय’ या ओळीखाली ‘फक्त फॅमिलीसाठी’ ही ओळ सर्रास दिसते. आधार कार्डावरची आडनावं जुळतात का हे पाहणारी नजर लीलाबाई काळभोरांचीच असते. म्हणजे चित्रपट खोटं सांगत होता का? उलट, ज्या भाडेकरारावर आपण आजही पडद्याआड कुजबुजतो, त्यावर ‘बनवाबनवी’ने १९८८ मध्येच अख्खं थिएटर हसवलं. किनाऱ्यावरचं गाणं जग मोकळं असल्याचा दाखला नाही. खोली मिळत नाही म्हणूनच ते गाणं किनाऱ्यावर आहे.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र मान तुकवावी लागते. कित्येक प्रेमपटांत मुलीचा नकार म्हणजे होकाराची पहिली पायरी असते, पिच्छा पुरवणं म्हणजे निष्ठा, आणि शेवटी तिला बक्षिसासारखं नायकाच्या हाती दिलं जातं. असे चित्रपट कितीही खळखळून हसवोत, मला ते कनिष्ठ वाटतात, आणि कारण नीतीपेक्षा कलेचं आहे: त्यांत जागा एकालाच मिळते. इथे पु. ल. देशपांड्यांची ‘ती फुलराणी’ (१९७५) कसोटीला लावावी. मंजुळेला भाषा मिळते, कपडे मिळतात, आणि मग कळतं की फुलं विकायच्या जुन्या ठिकाणी परतता येत नाही आणि प्रोफेसरांच्या घरात आपला हक्काचा कोपराही नाही. मूळ ‘पिग्मॅलियन’ लिहिणाऱ्या बर्नार्ड शॉला हे इतकं महत्त्वाचं वाटत होतं की १९१४ च्या लंडनच्या प्रयोगात नटाने शेवटी नायिकेकडे फुलं फेकून गोड समेट सुचवला, तेव्हा तो संतापला. पुढे त्याने मजकूर जोडून त्या नायिकेचं, एलायझाचं, लग्न नायकाऐवजी फ्रेडीशी लावून टाकलं. प्रेक्षकांनी शॉचं ऐकलं नाही, त्यांना जोडी हवी होती. मी दोघांनाही थोडंथोडं बरोबर मानतो. जोडी हवी, यात काही चूक नाही. पण त्या घरात तिची खोली कुठली, याचं उत्तर चित्रपटाने दिलं पाहिजे. ‘प्रिटी वुमन’ (१९९०) मला इथेच अपुरा वाटतो: हॉटेलच्या सर्वांत वरच्या मजल्यावरचा तो आलिशान स्वीट त्याचा आहे, ती त्यात पाहुणी आहे.

आणि मग ‘सैराट’. २०१६ मध्ये नागराज मंजुळेंनी या सगळ्या युक्तिवादाला कात्री लावली असं कोणी म्हणेल. पूर्वार्ध म्हणजे शुद्ध परीकथा: विहीर, ऊस, घोडा, मोटरसायकल, वाद्यवृंदाची उसळती गाणी. उत्तरार्धात हैदराबादची झोपडपट्टी, मग हळूहळू जमवलेला संसार, मूल, दारात रांगोळी. दोघांना जागा मिळाली. आणि माहेरची माणसं त्याच घरात येऊन, चहा घेऊन, त्यांना मारतात. जागेची टंचाई कष्टाने, सोंगाने, कर्जाने हटवता येते. जात तशी हटत नाही, हे त्या शेवटाने ठणकावून सांगितलं. हा हलक्या प्रेमपटाचा पराभव नाही, त्याची सीमारेषा आहे, आणि ती नेमकी कुठे पडते हे कळायला हवंच होतं. पण एक गोष्ट विसरू नये. ‘सैराट’चा शेवट इतका असह्य होतो तो त्याच्या पूर्वार्धामुळे. आर्ची आणि परशाला सुखी होण्याचा हक्क आहे असं आपल्याला आधी मनोमन पटलेलं असतं, आणि ते पटवायचं काम परीकथेने केलेलं असतं. सुखाचं चित्रच ज्यांनी पाहिलं नाही, त्यांना ते हिरावलं गेल्याचा राग कसा येईल?

म्हणून मला या चित्रप्रकाराबद्दल तक्रार असलीच तर तो हलका असल्याची नाही, तो आळशी झाल्याची आहे. त्याला कोकण हवं असतं ते मागच्या पडद्यासारखं. काशीदच्या किनाऱ्यावर मुंबई-पुण्याच्या जोडप्याला जो मोकळेपणा वाटतो, तो त्यांना कोणी ओळखत नाही म्हणून. गावातल्या मुलीसाठी तीच वाळू सर्वांत उघडी जागा आहे: टपरी काकांची, घोडा शेजाऱ्यांचा, रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीत अर्धं बोर्ली. हंगामात पुढच्या खोल्या पर्यटकांना देऊन घरातली माणसं मागे दाटीवाटीने राहतात, म्हणजे शहरातल्या दोघांना लागणारी कडी ज्या दाराला आहे ते दार तिच्याच घराचं असतं, आणि शनिवार-रविवार ते तिच्यासाठी बंद. मांडव्याची रो-रो २०२० मध्ये सुरू झाली, अटल सेतू २०२४ मध्ये खुला झाला, किनारा मुंबईच्या आणखी जवळ आला; जमिनीचे भाव चढतील तशी तिची स्वतःची जागा आणखी आक्रसेल. ती आणि रेवदंड्याचा एखादा मुलगा कुठे भेटतात, आईला काय सांगतात, कोणत्या सोंगाने एकमेकांच्या घरी पोचतात, यात किर्लोस्करांपासून चालत आलेला सगळा ऐवज तयार पडला आहे. या मुलीच्या दृष्टीने पाहणारा एक हसरा चित्रपट कोणी करावा. शेवट गोडच असू दे, लग्नही लागू दे. फक्त त्या घरात मागची नव्हे, पुढची खोली तिला मिळावी, एवढी परीकथा मराठी सिनेमाला परवडायला हरकत नाही.