बाहेरच आहे, उडून जाईल!

न्यू जर्सीत घर घेतलं की पहिल्या उन्हाळ्यात डेकवर गॅसचं ग्रिल येतंच, तसं आमच्याकडेही आलं. ते जोडायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं. सांगलीला शाळेत असल्यापासून घरातला सिलिंडर मीच बदलत असे. रेग्युलेटर, नळी, वायसर यांची मला कधी भीती वाटली नव्हती. थोडी वाटली असती तर बरं झालं असतं.

ग्रिल ठेवलं भिंतीला चिकटून. स्वयंपाकघराचं दार तिथंच होतं आणि वाऱ्याला आडोसाही मिळत होता. मॅन्युअलमध्ये मागं ३ फूट मोकळी जागा सोडा असं लिहिलं होतं. मी ते वाचलंही होतं, पण इकडच्या कंपन्या वकिलांच्या धाकानं वाट्टेल ते छापतात, असं म्हणून पान उलटलं. इथल्या बऱ्याच घरांना बाहेरून विनायलच्या पट्ट्या मारलेल्या असतात, आणि विनायल ७० अंश सेल्सिअसच्या आसपासच मऊ पडायला लागतं. वांगी भाजायला झाकण लावलं की मागच्या फटीतून गरम हवा थेट भिंतीवर. पहिल्याच भरताला पट्ट्या पापडासारख्या वाकल्या. दुरुस्तीवाला म्हणाला, हा रंग आता मिळत नाही. भिंत अजून तशीच आहे.

हे पैशांवर निभावलं. पुढचं जिवावर बेतलं असतं.

सिलिंडरकडून येणारी नळी ग्रिलच्या पाइपाला जिथं मिळते, तिथला नट मला सैल वाटला. नळ दुरुस्तीतली टेफ्लॉन टेप घरात होतीच. आट्यांवर चांगले वेढे दिले आणि पान्यानं नट आवळला. माझं हे कसब त्या जोडाला चालणारं नव्हतं. त्याला फ्लेअर म्हणतात. एका बाजूचं पितळी तोंड पसरट, दुसरं निमुळतं, आणि नट आवळला की दोन्ही एकमेकांवर घट्ट बसतात. गॅस अडतो तो त्या धातूवर धातू बसल्यामुळे. आट्यांचं काम फक्त दाबून धरायचं. आट्यांत टेप भरली की नट हाताला घट्ट लागतो, पण आतली तोंडं पुरती टेकलेली नसतात.

दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते. सासूबाई डेकवर मेथी निवडत बसल्या होत्या. मी सिलिंडरची चावी उघडून ठेवली आणि आत गेले.

"गॅसचा वास येतोय गं."

"आई, बाहेरच आहे, उडून जाईल."

उडून जाईल कसला! प्रोपेन हवेच्या साधारण दीडपट जड. तो वर जात नाही, खाली उतरतो आणि सखल जागा धरतो. आमच्या डेकच्या फळ्यांमध्ये फटी, डेकखाली तळघराची खिडकी, आणि तळघरात वॉटर हीटर, ज्याची छोटी ज्योत रात्रंदिवस पेटलेली. भारतात सिलिंडरमधून येणारा गॅसही हवेपेक्षा जडच असतो. वास आला की दारं-खिडक्या उघडा, दिव्याचं बटण दाबू नका, हे मला लहानपणापासून पाठ होतं. पण ते सगळं घरातल्या गॅससाठी, असं मी कधी धरून बसले ते कळलंच नाही.

सासूबाईंनी माझ्याशी वाद घातला नाही. भांड्यांच्या साबणाचा फेस वाटीत केला आणि केसांना कलप लावायच्या ब्रशनं त्या एकेका जोडाला लावत गेल्या. ही रीत त्यांना गावी सिलिंडर पोचवणाऱ्यानं शिकवलेली. सिलिंडरपाशी काही नाही, रेग्युलेटरपाशी काही नाही. माझ्या नटाच्या कडेला मात्र मोहरीएवढा बुडबुडा आला, फुगला, फुटला आणि लगेच त्याच जागी दुसरा. मी धावत जाऊन चावी बंद केली. मॅन्युअलमध्ये हीच फेसाची परीक्षा दिली होती, चित्रासकट. पाहुण्यांना ओव्हनमधलं पनीर वाढलं. टेप काढून, तोंड पुसून जोड पुन्हा बसवला आणि फेस गप्प राहिल्यावरच ग्रिल पेटवलं.

एवढ्यानं शहाणी झाले म्हणावं, तर तसंही नाही. झाकण बंद ठेवून गॅस सोडला आणि पेटवायचं बटण दाबत बसले. आत साठलेला गॅस भप्पकन पेटला आणि उजव्या हातावरची लव गेली. मग ज्योत मंद झाली, म्हणून सिलिंडर कमी भरलाय असं ठरवून दुकानात हुज्जत घातली. बदलून आणलेलाही तसाच! मी चावी झटकन उघडत होते, आणि नळी फुटली असं समजून आतली सुरक्षा झडप गॅस अडवत होती. बर्नर आणि सिलिंडर बंद करून मिनिटभर थांबायचं नि चावी सावकाश उघडायची, एवढंच काम होतं. त्या दुकानदाराकडे जायला मला अजून संकोच वाटतो.

वजनदार सिलिंडर उचलून कंटाळल्यावर घरातला पाइपचा गॅस ग्रिलला जोडायचं डोक्यात आलं. प्लंबरनं नकार दिला. पाइपातल्या नैसर्गिक गॅसमध्ये प्रोपेनच्या जेमतेम ४० टक्के उष्णता असते आणि त्याचा दाबही कमी, त्यामुळे त्याचे जेट मोठ्या भोकांचे लागतात. "मग भोकं ड्रिलनं मोठी करते," मी म्हटलं. त्यानं पाना पिशवीत टाकला. त्याचं म्हणणं, कंपनी या ग्रिलसाठी तसा किट विकत असेल तर तो आणा, नाहीतर नैसर्गिक गॅसचंच ग्रिल घ्या. मग टाउनशिपची परवानगी काढू, पाइप टाकू आणि दाब तपासून घेऊ. हा सगळा खर्च ऐकून सिलिंडर एकदम हलका वाटायला लागला.

आता ग्रिल अंगणात फरशीवर असतं, भिंतीपासून आणि त्या खिडकीपासून लांब. सिलिंडर हिवाळ्यातही बाहेरच उभा असतो. तो गॅरेजमध्ये ठेवायचा हट्ट नवऱ्यानं सोडलाय. वसंतात पेटवण्याआधी बर्नरच्या नळ्या काढून आतून ब्रश फिरवते. तिथं कोळी जाळी करतात, आणि नळी तुंबली की गॅस मागं फिरून बटणांपाशी पेटू शकतो. हे मात्र मी मॅन्युअलमध्ये वाचलं, घडण्याआधी.