आबांचा घडीचा चाकू

आमचे आबा १९८१ साली महार रेजिमेंटमधून निवृत्त होऊन घरी आले, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत वर्दी, पदके आणि पेन्शनची कागदपत्रे यांबरोबर एक जाडजूड घडीचा चाकू होता. त्याला एक पाते, डबा फोडायची चीप आणि दोरीची गाठ सोडवायचा टोच्या. पुढे पिंपरीच्या एका कारखान्यात वॉचमनची नोकरी करताना तो सदैव त्यांच्या खिशात असे. त्यानेच आमच्या पेन्सिलींना टोके झाली, त्यानेच विहारात पताका बांधताना सुतळी तुटली. एकदा बसच्या गर्दीत तो हरवला. आबा काही बोलले नाहीत. पण कितीतरी दिवस त्यांचा हात खिशाकडे जात राहिला.

मागच्या वर्षी १ ऑक्टोबरला, रेजिमेंटच्या स्थापनादिनी, आबांना भेट द्यायचे आम्ही तिघा भावंडांनी ठरवले. शाली आणि स्मृतिचिन्हे घरात पुष्कळ पडून आहेत. अमेरिकेत निवृत्त सैनिकाला नाव आणि दलाचे चिन्ह कोरलेला घडीचा चाकू भेट देतात, असे धाकटीने वाचले होते. आम्हाला ते लगेच पटले. तळहातात मावेल असा चाकू घेतला आणि खडकी बाजारातून मुठीवर रेजिमेंटचे चिन्ह कोरून आणले. एकमेकींना छेद देणाऱ्या दोन विकर्स मशीनगन, मधे खंजीर आणि खाली आबांचे नाव.

आई म्हणाली, "धारेची वस्तू भेट देऊ नये रे, नातं तुटतं."

हा समज परदेशातही आहे. तिकडे चाकू घेणारा देणाऱ्याच्या हातावर एखादे नाणे ठेवतो, म्हणजे ती भेट न राहता खरेदी होते. धाकटीने हे सांगताच आबा हसले. "माझा बाप छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आला. त्याच्या घरात नाणं कशाला? द्या इकडे."

चष्मा लावून त्यांनी चिन्ह पाहिले. "या खंजिराच्या जागी आधी कोरेगावचा स्तंभ होता," एवढेच म्हणाले, आणि ताटलीतला पेरू उचलून त्याच नव्या पात्याने कापू लागले.

"आबा, खराब होईल. शोकेसमध्ये ठेवू या," आम्ही घाईने म्हणालो.

आबांचा हात थांबला. "शोकेसमध्ये? आपल्या लोकांचं इंग्रजांनी तेच केलं. १८१८ ला कोरेगावला लढवलं, मेलेल्यांची नावं दगडावर कोरली. मग १८९२ च्या सुमारास भरतीच बंद केली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली, तेव्हा १९१७ ला १११ महार पलटण उभी केली आणि १९२१ ला मोडून टाकली. गरज लागली की उघडायचं, काम झालं की घडी घालून ठेवायचं. बाबासाहेबांनी बोलून, लिहून पिच्छा पुरवला, तेव्हा कुठं १९४१ ला बेळगावात आपली रेजिमेंट उभी राहिली."

आम्ही गप्प झालो. मग थोरल्याने विचारले, "आबा, तुम्हाला काय हवं होतं?"

"तुमच्या आईचं नाव. माझ्या पलटणीच्या कागदात तिचं माहेरचं नाव आहे, आधार कार्डावर सासरचं. उद्या मी गेलो तर तिची पेन्शन अडेल. चार वर्षं सांगतोय."

चाकूवर नाव कोरून घेताना आम्ही एकेक अक्षर तीनदा तपासले होते. आईच्या नावासाठी मात्र चार वर्षांत आम्हाला एक दिवस सापडला नव्हता.

त्याच आठवड्यात आम्ही आबांना घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. कोणते कागद लागतील ते विचारून घेतले. दोन्ही नावे एकाच बाईची, असे प्रतिज्ञापत्र केले, लग्नाचा पुरावा शोधला, अर्ज धाडला. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी आबा एरवी एकटेच बँकेच्या रांगेत उभे राहत. या वेळी आम्ही बरोबर होतो. नावाची दुरुस्ती झाल्याचे पत्र उन्हाळ्यात आले. आईला वाचता येत नाही. तिने आपले नाव कुठे आहे ते विचारले आणि त्यावर बोट ठेवून बराच वेळ बसली.

ज्यांच्या घरी निवृत्त सैनिक आहे, त्या बंधू-भगिनींना आमचे एवढेच सांगणे आहे. भेट जरूर द्या, प्रेमाने द्या. पण त्याआधी त्यांची जुनी ट्रंक उघडा, कागद बाहेर काढा आणि त्यातली नावे जुळतात का ते पाहा. सैनिक हयात आहे तोवर हे काम सोपे असते. मागाहून त्याची विधवा एकटी खेटे घालते.

चाकू शोकेसमध्ये गेला नाही. तो आबांच्या खिशात आहे, आणि पेरूच्या चिकाने त्याचे पाते आता काळपट पडले आहे.