बेनची बाजू

‘विलार्ड’ पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यातल्या उंदरांनी मला घाबरवलं नाही. लालबागच्या आमच्या चाळीत उंदीर रोजचेच होते. घाबरवलं ते वाढदिवसाच्या प्रसंगाने. सत्ताविशीचा विलार्ड स्टाइल्स कामावरून घरी येतो. आईने त्याचा वाढदिवस साजरा करायचा घाट घातलेला असतो आणि जमलेली सगळी माणसं आईच्या वयाची, आईच्या ओळखीची असतात. त्याने स्वतः जोडलेलं असं एकही माणूस त्या घरात नसतं. मी तेव्हा शाळेत होते, पण एवढं कळलं की या मुलाचं काही खरं नाही.

डॅनियल मान यांनी दिग्दर्शित केलेला हा सिनेमा 1971 सालचा. आमच्याकडे तो पोचला ऐंशीच्या दशकात, मामाच्या कृपेने. त्या काळी सणासुदीला टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणून पहाटेपर्यंत एकामागून एक सिनेमे बघत. कॅसेटवाल्याने हा भुताचा म्हणून दिला होता. भूत काही येईना, तेव्हा बाकीची पोरं झोपून गेली. मी जागी राहिले.

विलार्ड वडिलांनीच उभारलेल्या कंपनीत कारकुनी करतो. ती आता मार्टिन नावाच्या माणसाने बळकावली आहे आणि तो विलार्डला उठता-बसता पाणउतारा करून छळतो. घरी आजारी, हेका न सोडणारी आई. अंगणात उंदीर झालेत, मारून टाक, असं ती सांगते. विलार्ड त्यांना बुडवायला पाणी भरतो. पिल्लं तडफडायला लागतात, तसा त्याचा हात थांबतो आणि तोच त्यांना वाचवतो. इथून त्याची मैत्री सुरू होते. पांढऱ्याचं नाव सॉक्रेटिस, दांडग्या काळ्याचं बेन.

आमच्या चाळीत हात थांबत नसे. रात्री लोखंडी पिंजऱ्यात खोबऱ्याचा तुकडा लावायचा, सकाळी पिंजरा पाण्याच्या बादलीत बुडवायचा. प्लेगच्या आठवणी सांगणारी म्हातारी माणसं तेव्हा चाळीत होती, त्यामुळे यात कोणाला काही क्रूर वाटत नसे. आणि हीच माणसं मंगळवारी सिद्धिविनायकाला जाऊन चांदीच्या उंदराच्या कानात आपलं मागणं सांगत. मला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटत. सिनेमा पाहिल्यावर मात्र बादलीच्या वेळी मी गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहू लागले.

पुढे कॉलेजात असताना मायकल जॅक्सनचं ‘बेन’ कानावर आलं. ‘विलार्ड’चा उत्तरार्ध ‘बेन’ नावाने 1972 मध्ये निघाला, त्यातलं हे शीर्षकगीत. शब्द डॉन ब्लॅक यांचे, चाल वॉल्टर शार्फ यांची. एकट्याने गायलेल्या गाण्यांपैकी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलेलं जॅक्सनचं हे पहिलं गाणं, आणि तेव्हा तो जेमतेम चौदा वर्षांचा. गाण्यात उंदराचा उल्लेखही नाही. सगळ्यांनी हाकलून दिलेल्या मित्राला एक मुलगा सांगतोय, मी तुझा आहे. इतकं निर्मळ गाणं एका भयपटातून यावं याचं मला नवल वाटलं होतं. आता वाटत नाही. ते दुसरीकडून कुठून येणार?

या सगळ्याच्या मुळाशी आहे उत्तर आयर्लंडच्या स्टीफन गिल्बर्ट यांची 1968 सालची कादंबरी, ‘रॅटमॅन्स नोटबुक्स’. ती डायरीच्या रूपात आहे आणि डायरी लिहिणाऱ्याला नावच नाही. हे मला फार अचूक वाटतं. ज्याला कोणी प्रेमाने हाक मारत नाही, त्याने स्वतःचं नाव कशाला लिहावं?

मग 2003 मध्ये ग्लेन मॉर्गन यांनी ‘विलार्ड’ नव्याने काढला. भयपटांच्या नव्या आवृत्त्या बहुतेक वेळा रक्त वाढवतात आणि माणसं पातळ करतात. इथे माणूसच अधिक दाट झाला. क्रिस्पिन ग्लोव्हरचा विलार्ड खांदे आवळून चालतो, कोणी हात लावेल या भयाने सतत आक्रसलेला असतो, आणि सॉक्रेटिस तळहातावर आला की त्याचा चेहरा उलगडतो. एवढ्याशा सुखाने माणूस इतका बदलताना मी पडद्यावर क्वचितच पाहिला आहे. मार्टिनच्या भूमिकेत आर. ली एर्मी आहे. तो पूर्वी अमेरिकी मरीन दलात रंगरुटांना कवायत शिकवायचा. तो ओरडला की प्रेक्षकाचीही मान खाली जाते. आणि घरात मेलेल्या वडिलांची तसबीर म्हणून लावलेला चेहरा आहे ब्रूस डेव्हिसनचा, म्हणजे 1971 च्या विलार्डचा. जुन्या सिनेमाला याहून प्रेमाचा नमस्कार करता आला नसता.

पण मला धरून ठेवलं बेनने. या वेळी तो आफ्रिकेतल्या गॅम्बियन जातीचा, किलोभर वजनाचा उंदीर आहे. विलार्डचं सांगणं तो सॉक्रेटिसइतकंच समजतो, बाकीच्या उंदरांना हाताळतो, मार्टिनच्या गाडीचे टायर कुरतडायच्या कामगिरीत पुढे असतो. रात्री मात्र बिछान्यात जागा सॉक्रेटिसला. बेन पलंगावर चढतो आणि त्याला खाली उतरवलं जातं, तळघरात पाठवलं जातं. तो दारातून बघत राहतो.

आमच्या घरी मी सावळी आणि धाकटी बहीण गोरी. आईने मला कधी उपाशी ठेवलं नाही, मारलं नाही. पण पाहुण्यांसमोर पुढे व्हायची ती बहीण आणि आत चहा टाकायची ती मी. हा सिनेमा डीव्हीडीवर बघितला तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली होती आणि तिचं सगळं मीच करत होते. तिला भरवताना ती दाराकडे बघून विचारायची, “धाकटी कधी येणार?” आईवर माझी माया होती, आजही आहे, आणि ती विचारायची त्यात दुष्टावा नव्हता. म्हणूनच पलंगाखाली उतरवलेला बेन मला इतका आतून कळला.

विलार्डवर जगाने अन्याय केला, यात वाद नाही. पण हातात प्रेम देण्याची सत्ता आली तेव्हा त्यानेही तेच केलं. एकाला उशीजवळ घेतलं आणि दुसऱ्याला राबवलं. मार्टिन सॉक्रेटिसला मारतो, विलार्ड उंदरांकरवी मार्टिनचा जीव घेतो, आणि काम झाल्यावर बेनला मागे टाकून निघून जातो. या सिनेमातला सर्वांत भयंकर क्षण माझ्या मते हा आहे. मार्टिनचं मरण त्यापुढे काहीच नाही.

उंदरांना असं वागणं जमत नसावं. 2011 मध्ये शिकागो विद्यापीठात इनबाल बार्टल आणि पेगी मेसन यांनी एक प्रयोग केला. एक उंदीर नळीत कोंडला, त्याचा सोबती मोकळा सोडला. कोणी न शिकवता बहुतेक मोकळे उंदीर दार उघडून सोबत्याला सोडवू लागले. दुसऱ्या नळीत चॉकलेट ठेवलं, तरी सुटकेचं काम त्यांनी टाकलं नाही आणि चॉकलेट बऱ्याचदा वाटून खाल्लं. ‘सायन्स’मध्ये हे छापून आलं, तेव्हा मी ते कापडाच्या दुकानात रांगेत उभी असताना मोबाईलवर वाचलं आणि बिल द्यायचं विसरले.

जुन्या सिनेमात बेन विलार्डला मारून हिशेब मिटवतो. नव्यात विलार्ड बेनला मारतो, स्वतः वाचतो आणि मनोरुग्णालयात जातो. तिथे त्याला पुन्हा एक उंदीर भेटतो. पांढराच. मॉर्गन यांचा हा शेवट मला जुन्याहून थोर वाटतो, कारण विलार्ड काहीच शिकलेला नाही हे तो एका रंगात सांगून टाकतो.

बहिणीची मुलगी आता सोळाची आहे. गेल्या सुट्टीत ती माझ्याकडे राहायला आली, तेव्हा आम्ही दोघींनी मिळून नवा ‘विलार्ड’ पाहिला. तिला बेन अजिबात आवडला नाही.

“मावशी, नाही ठेवत जवळ तर जायचं ना सोडून! त्याच्यावरच का अडून बसला?”

“जाणार कुठे गं? बाहेर सगळे पिंजरे लावून बसलेत.”

“मिळतं कोणीतरी. शोधलं की मिळतं.”

मी तिला डॅनीबद्दल सांगितलं. जुन्या सिनेमाच्या उत्तरार्धात, म्हणजे ‘बेन’मध्ये, बेनला भेटणारा, हृदयाच्या दुखण्यामुळे घरात अडकलेला छोटा मुलगा. त्याच्याजवळ दुसरा कोणी उंदीर नसतो, निवडायला पांढरा-काळा काही नसतं. बेन येतो आणि तो त्याला जवळ घेतो.

“बघ, मी म्हटलं नव्हतं?” ती म्हणाली. “लाव तो. आत्ताच लाव.”

रात्रीचे बारा वाजून गेले होते. मी लावला.