पावती कुठे आहे?



मृग जवळ आला की गावोगावच्या सभेत माझा एकच पाठ असतो. बियाणे परवाना असलेल्या दुकानातूनच घ्या, पक्की पावती मागा, पिशवी खालून फोडा म्हणजे वरचा टॅग शाबूत राहील, मूठभर बियाणे बाजूला ठेवा. उगवण झाली नाही तर तालुक्याची समिती बांधावर येऊन पंचनामा करते, तेव्हा हीच चिठ्ठी-चपाटी कामी येते.

पंचवीस वर्षे हा पाठ देणारा मी तीन वर्षांपूर्वी स्वतःच फसलो. लाज वाटते, पण सांगतो.

एका ओळखीच्या गृहस्थाने मोबाईलवर ‘कॉइन’ घेण्याचे अ‍ॅप दाखवले. हे हातात धरायचे नाणे नव्हे. संगणकाच्या वहीतली ती एक नोंद. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेले साठ हजार मी त्यात टाकले. महिनाभर आकडा वाढताना दिसला. पैसे काढू गेलो तर “आधी कर भरा” असा निरोप आला. मग अ‍ॅप उघडेनाच.

घरी सांगितले तेव्हा सौभाग्यवती रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “अहो, सोयाबीनच्या पिशवीला पावती मागता. इथं कुणाचा परवाना पाहिलात?”

उत्तर नव्हते. मग मी माहिती काढली. आपल्या सरकारने १ एप्रिल २०२२ पासून अशा कॉइनच्या नफ्यावर ३० टक्के कर लावला. मार्च २०२३ मध्ये या कंपन्यांना काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याखाली आणले. त्यांना केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करावी लागते. पण हे नियम काळा पैसा हुडकण्यासाठी आहेत. तुमचे बुडालेले पैसे ते भरून देत नाहीत. कर लागला म्हणजे सरकारने हमी घेतली, असे समजू नका. मी तसेच समजलो होतो.

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने २०१५ साली या धंद्याला परवाना सक्तीचा केला. ग्राहकाचे जेवढे कॉइन, तेवढे कंपनीने जवळ राखायचे. ते परस्पर विकायचे नाहीत, उसने द्यायचे नाहीत. धोका आधी सांगायचा आणि तक्रार कुठे करायची तेही जाहीर करायचे. आपल्या बियाण्याच्या टॅगसारखेच झाले हे! अर्थात परवान्याचे बियाणे पाऊस आणत नाही, तसा परवाना पडलेला भावही सावरत नाही. पण जाब कोणाला विचारायचा, हे तरी ठाऊक असते.

म्हणून कोणी मोबाईल पुढे केला तर तीन गोष्टी विचारा. नोंदणी कुठे आहे? पैसे कोणाच्या ताब्यात राहतील? बुडाले तर दाद कुठे मागायची? उत्तर गुळमुळीत आले तर हात जोडून उठा. आणि फसलातच, तर लाजून बसू नका. त्याच तासाला १९३० वर फोन करा. मी आठ दिवस लाजत बसलो. तोवर पैसे खात्या-खात्यांतून पसार झाले होते.

मुलीची फी यंदा पतसंस्थेच्या कर्जातून भरली. पावती मात्र जपून ठेवली आहे.